जोडीदाराची कॅनडा पीआरची फाईल चालू आहे? मधल्या काळात व्हिजिटर व्हिसा काढायचा तर हे वाचा

लग्न झालं, नवरा कॅनडात पीआर (म्हणजे कायमचा रहिवासी) किंवा सिटिझन, बायको नाशिकला किंवा सांगलीला किंवा फोंड्याला, तिच्या पीआरसाठी नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपची फाईल लागली आणि आता वाट बघायची. आयआरसीसी, म्हणजे कॅनडाचं इमिग्रेशन खातं, त्यांनी स्वतःच ठरवलेलं मानक आहे १२ महिन्यांचं, क्युबेक सोडून, आणि प्रत्यक्षात कधी आधी होतं कधी रखडतं. तेवढा वेळ नवीन लग्नाच्या दोघांनी व्हिडिओ कॉलवर काढायची काही सक्ती नाहीये. व्हिजिटर व्हिसा काढून बायको येऊ शकते, राहू शकते, फाईल तिकडे आपली चालूच राहते. (बायको कॅनडात आणि नवरा भारतात असेल तरी सगळं हेच, मी लिहिताना एकच बाजू धरतेय एवढंच.)

आता आपल्या लोकांत एक समजूत फार घट्ट आहे, पीआरची फाईल चालू असताना व्हिजिटर टाकला की रिजेक्ट, म्हणून ते सांगायचंच नाही, "बहिणीकडे फिरायला चाललेय" असं लिहायचं. गावातले एजंटही हेच सांगतात, फी घेऊन सांगतात. हे करू नका. कायद्यानेही गरज नाही आणि पकडलं तर फार महागात पडतं.

कायदा काय म्हणतो ते आधी

कॅनडाच्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टमध्ये कलम २२(२) आहे. त्याचा अर्थ साधा आहे, एखाद्याला पुढे कायमचं राहायचं आहे म्हणून त्याला तात्पुरतं यायला बंदी नाही, फक्त ऑफिसरची खात्री पटली पाहिजे की मुदत संपेपर्यंत पीआर झालं नाही तर हा माणूस परत जाईल. याला सगळे ड्युअल इंटेंट म्हणतात. म्हणजे तुम्हाला "मला कॅनडात राहायचंच नाहीये" असं नाटक करायचं नाहीये. तुम्हाला दोन गोष्टी एकाच वेळी सांगायच्यात, हो मला पुढे तिथे राहायचंय आणि त्यासाठी रीतसर फाईल लावलीये, आणि हो, ती होईपर्यंत मी व्हिजिटरचे नियम पाळणार, वेळ आली तर परत येणार.

आणि लपवलं तर? त्याच कायद्यातलं कलम ४०, खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती दडवणं, त्याला ५ वर्षं बंदी. नुसता व्हिजिटर जात नाही, पीआरची फाईलही बुडते. बरं लपतही नाही, नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर टाकला की ऑफिसरसमोर दोन्ही फाईली एकाच सिस्टीममध्ये उघडतात. हेच आधी दुसऱ्या कुठल्या देशाने व्हिसा नाकारला असेल त्याबद्दल. अमेरिकेचा बी१ बी२, म्हणजे व्हिजिटर व्हिसा, मुंबईत नाकारला होता कधीतरी कॉलेजात असताना, तर फॉर्ममध्ये "हो" लिहायचं आणि दोन ओळीत कारण सांगायचं. नाकारला होता म्हणून कॅनडा आपोआप नाकारत नाही, पण लपवला म्हणून नक्की नाकारतो.

पीआरची फाईल आधी, व्हिजिटर नंतर

माझं मत स्पष्ट आहे, आधी स्पॉन्सरशिप टाका, एओआर म्हणजे फाईल मिळाल्याची पोच आणि नंबर येऊ दे, मग व्हिजिटर टाका. नुसतं लग्नाचं सर्टिफिकेट जोडून व्हिजिटर टाकला तर ऑफिसरच्या मनात प्रश्न राहतो की ही येऊन काय करणार. फाईलचा नंबर असला की उत्तर समोर असतं. शिवाय मे २०२३ मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी जाहीर केलं होतं की स्पॉन्सरशिपची फाईल चालू असलेल्या जोडीदारांचे व्हिजिटर अर्ज वेगळ्या पद्धतीने हाताळणार आणि बहुतेक ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करणार. त्या ३० दिवसांवर तारखा ठरवून बसू नका, पण पीआरची फाईल म्हणजे व्हिजिटरच्या वाटेतला धोंडा आहे ही समजूत सोडायला तेवढं पुरे.

स्पॉन्सर करणाऱ्याने काही गोष्टी आधीच तपासायच्या, कारण मुळात पीआरची फाईलच टिकणार नसेल तर व्हिजिटरच्या पत्रात तिचा आधार घेऊन उपयोग नाही.

सगळ्यात जास्त आपली मुलं इथे अडकतात: एक्स्प्रेस एंट्रीची, म्हणजे शिक्षण-नोकरीच्या गुणांवर मिळणाऱ्या पीआरची, फाईल टाकली तेव्हा सिंगल होता, मध्ये घरच्यांनी घाईने रजिस्टर लग्न उरकून घेतलं, "सोहळा नंतर करू", आणि पीआर हातात येईपर्यंत आयआरसीसीला कळवलंच नाही. पीआर होताना जी बायको सांगितली नाही, आणि त्यामुळे जिची तपासणी झाली नाही, ती पुढे फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे घरच्यांना स्पॉन्सर करायच्या गटात, बसत नाही असा नियम आहे. असं तुमचं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि वकील गाठा.

दुसरं, जो स्वतः कोणाच्या तरी स्पॉन्सरशिपवर जोडीदार म्हणून आलाय तो पीआर झाल्यापासून ५ वर्षं नवा जोडीदार स्पॉन्सर करू शकत नाही. तिसरं, व्हिडिओ कॉलवर लावलेली लग्नं. दोघंही प्रत्यक्ष हजर नसलेलं लग्न कॅनडा २०१५ पासून इमिग्रेशनसाठी साधारणपणे धरत नाही, भटजींनी सगळे मंत्र म्हटले असले तरी. आणि नुसता पीआर असलेला स्पॉन्सर कॅनडातच राहत असला पाहिजे, सिटिझनला बाहेर राहूनही टाकता येतं.

पगाराची चिंता मात्र उगाच करतात लोक. जोडीदाराला स्पॉन्सर करायला साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही, फक्त तुम्ही सरकारी मदतीवर जगत नसावं, अपंगत्वाची मदत सोडून, आणि ३ वर्षं तिची आर्थिक जबाबदारी घ्यायची सही करायची.

आउटलँड (अर्जदार कॅनडाबाहेर धरून टाकलेली फाईल) की इनलँड (अर्जदार कॅनडातच राहतो धरून टाकलेली) हा प्रश्न येतोच. बायको भारतात आहे तर आउटलँड टाका, म्हणजे फॅमिली क्लास. ती फाईल चालू असताना ती कॅनडात येऊन राहिली तरी फाईल आउटलँडच राहते, मध्ये भारतात लग्नाकार्याला गेली तरी बिघडत नाही, आणि नाकारली तर स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं. इनलँडला ते अपील नाही आणि मध्येच देशाबाहेर जाऊन परत आत घेतलं नाही तर फाईल धोक्यात येते. काही जण "आधी व्हिजिटरवर आण, मग इनलँड टाक" असं सुचवतात, मला ते भारतातून येणाऱ्यांसाठी पटत नाही, कारण मग व्हिजिटरच्या अर्जात सांगायला हातात काहीच नसतं.

नावाचा घोळ

हे वेगळं लिहितेय कारण महाराष्ट्रातल्या बायकांना याचा जेवढा त्रास होतो तेवढा बाकीच्यांना होत नाही. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि मधे वडिलांचं नाव. लग्नानंतर सासरच्यांनी हौसेने आधार बदलून घेतलं, त्यात नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. बँकेत जुनंच. लग्नपत्रिकेवर तर कधीकधी मुलीचं पहिलं नावही लग्नात बदललेलं. ऑफिसर ओटावात नाहीतर आणखी कुठे बसलाय, त्याला चार कागदांवर चार बायका दिसतात.

उपाय असा, पासपोर्टवर जे नाव आहे तेच सगळीकडे मूळ नाव धरायचं, दोन्ही फाईलींत अक्षरशः तसंच. बाकीची सगळी नावं फॉर्ममध्ये "दुसरं कुठलं नाव वापरलंय का" या प्रश्नाखाली लिहायची. आणि फाईल चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नका, नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर, मग दोन्ही फाईलींत कळवत बसा. नाव बदलायचंच असेल तर फाईल लावण्याआधी नाहीतर पीआर झाल्यावर. सासूबाई काही म्हणोत.

कागदपत्रं, आणि त्यातली कुठली खरंच कामाची

लग्नाचं प्रमाणपत्र म्हणजे विवाह निबंधकाचं, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसचं किंवा ग्रामपंचायतीचं, किंवा स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झालं असेल तर तिथलं. मंगल कार्यालयाची पावती आणि भटजींचं पत्र हे प्रमाणपत्र नव्हे, पुरावा म्हणून मागे जोडा हवं तर. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, ते घरच्या कोणी केलेलं चालत नाही, भाषांतरकाराचं असावं आणि तो सर्टिफाइड नसेल तर सोबत त्याचं ॲफिडेव्हिट.

नातं खरं आहे याचा पुरावा पीआरच्या फाईलीत सविस्तर गेलेलाच असतो, व्हिजिटरला त्याचा छोटा गोषवारा पुरतो. ठरवून केलेलं लग्न असेल तर ऑफिसरला एक गोष्ट नवी असते, की दोघं लग्नाआधी फार भेटलेले नसतात आणि लग्नानंतर दोन-तीन आठवड्यांत नवरा परत गेलेला असतो. ते लपवायचं कारण नाही, भारतातल्या फाईली बघणाऱ्यांना ही पद्धत माहीत असते. पण मग कांदेपोह्यांची तारीख, साखरपुडा, केळवण, लग्न, नंतर कुठे फिरून आलात ते, हे सगळं तारखेनिशी एका पानावर लिहा आणि आठ-दहा फोटो द्या ज्यात दोन्हीकडची माणसं दिसतायत. अल्बमच्या अल्बम नको. फक्त दोघांचे हनिमूनचे चाळीस फोटो देण्यापेक्षा आजी-आजोबांसोबतचा एक फोटो जास्त बोलतो. पुढच्या काळासाठी फोनचे कॉल लॉग, मेसेजचे प्रत्येक महिन्याचे दोन-तीन स्क्रीनशॉट, पैसे पाठवले असतील तर त्याच्या नोंदी, नवरा परत भेटायला आला असेल तर बोर्डिंग पास.

पैशांचं बघू. व्हिजिटरला ठरावीक रकमेची अट नाही. नवरा खर्च करणार असेल तर त्याचं नोकरीचं पत्र, शेवटच्या तीन-चार पे स्टब, सीआरए म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याची नोटीस ऑफ असेसमेंट, ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, घराचं लीज. बायकोचं स्वतःचं काही असेल, पगार, आयटीआर, एफडी, तर तेही. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक पाच लाख आले असतील तर ते कुठून आले याची एक ओळ लिहा, एफडी मोडली, वडिलांनी दिले, जे खरं असेल ते. न सांगितलेली मोठी रक्कम ही शून्य बॅलन्सपेक्षा वाईट दिसते.

आता एजंटांचा आवडता कागद, सीएकडून काढलेला नेटवर्थ रिपोर्ट, त्यात वडिलांच्या जमिनीचा सातबारा, घराचं व्हॅल्युएशन, आईचे दागिने. यावर हजारो रुपये जातात. माझ्या मते नव्या लग्नाच्या मुलीच्या बाबतीत याचा उपयोग फार थोडा, सातबारा वडिलांच्या नावावर, त्याने ती परत येईल हे कसं सिद्ध होतं? त्यापेक्षा तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी द्या. नोकरी असेल तर कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र, त्यात परत रुजू व्हायची तारीख. शिक्षण चालू असेल तर कॉलेजचं पत्र. आधी कुठे परदेशात जाऊन वेळेत परत आली असेल, दुबई असो की सिंगापूर, तर ते व्हिसे आणि शिक्के, हे तर फार चांगलं. आणि यातलं काहीच नसेल, नोकरी लग्नासाठी सोडली, आधी कुठे गेली नाही, तर? तर तसंच लिहा आणि खाली जे पत्र सांगतेय त्यावर जोर द्या.

पत्र

सगळ्या फाईलीत हे पत्र सगळ्यात महत्त्वाचं, लेटर ऑफ एक्स्प्लनेशन. आयआरसीसीच्या खात्यात शेवटी "क्लायंट इन्फर्मेशन" नावाचा ऐच्छिक रकाना असतो, तिथे हे टाकायचं, सोबत एओआर आणि जोडायचे बाकीचे कागद एकाच पीडीएफमध्ये. एका रकान्यात एकच फाईल जाते आणि मर्यादा ४ एमबी, त्यामुळे स्कॅन करताना रिझोल्युशन बघा.

पत्र बायकोच्या नावाने, दीड-दोन पानं, भावनिक नको. पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका: माझी फॅमिली क्लासची पीआर फाईल चालू आहे, हा नंबर, या तारखेची एओआर, मी ड्युअल इंटेंट कलम २२(२) खाली अर्ज करतेय. मग येण्याचं कारण, किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करणार. मग परत येण्याबद्दल, आणि इथे एक मुद्दा आहे जो बहुतेक लोक लिहितच नाहीत: जिची पीआरची फाईल चालू आहे तिला मुदत उलटून बेकायदा राहण्यात काहीही फायदा नाही, उलट तीच फाईल धोक्यात येते. नवऱ्याने पैसे भरलेत, ३ वर्षांची हमी दिलीये, हे सगळं एका ओव्हरस्टेसाठी कोण घालवेल? हे सभ्य भाषेत लिहा. शेवटी स्पष्ट वाक्य, मुदतीत पीआर झालं नाही आणि मुदत वाढवून मिळाली नाही तर मी भारतात परत येऊन तिथून वाट बघेन.

किती दिवस मागायचे यातही लोक चुकतात. रजा तीन आठवड्यांची, तिकिटाचा अंदाज दोन महिन्यांचा आणि फॉर्ममध्ये ६ महिने, असं तीन कागद तीन गोष्टी सांगायला लागले की ऑफिसर पहिल्या पानावरच थांबतो. जे खरं आहे ते एकच सगळीकडे. ६ महिने राहायचं असेल तर ६ लिहा, पण मग नोकरीच्या रजेचं पत्रही तसंच हवं, किंवा नोकरी सोडली असं सरळ लिहायला हवं.

नवऱ्याचं इन्व्हिटेशन लेटर वेगळं. त्यात बायकोचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, नातं, येण्याचं कारण, किती दिवस, राहण्याखाण्याची सोय, आणि स्वतःचं नाव, जन्मतारीख, पत्ता, नोकरी, कॅनडातलं स्टेटस, घरात किती माणसं. नोटरी साधारणपणे लागत नाही. पीआर कार्डची किंवा सिटिझनशिपच्या पुराव्याची कॉपी सोबत.

अर्ज भरणं आणि बायोमेट्रिक

अर्ज ऑनलाइनच, आयआरसीसीच्या स्वतःच्या साइटवर, खातं बायकोच्या नावाने. नवऱ्याने तिच्या वतीने सगळं चालवायचं असेल तर प्रतिनिधीचा फॉर्म आयएमएम ५४७६ भरायचा, घरचा माणूस फुकट प्रतिनिधी होऊ शकतो. फी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५, म्हणजे १८५, भरण्याआधी साइटवर एकदा बघून घ्या कारण फी मधूनमधून बदलतात. कुठली प्रश्नावली येईल त्याप्रमाणे फॉर्म आयएमएम ५२५७ पीडीएफ असेल किंवा सगळं स्क्रीनवरच भरायचं असेल. सोबत कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म, यात नवरा नीट लिहा, तो कॅनडात आहे हे लिहा, आणि पीआरच्या फाईलीतल्या फॉर्मशी ताडून बघा. नोकऱ्यांच्या तारखा, पत्ते, शिक्षण, दोन्हीकडे जुळलं पाहिजे. मी तर म्हणेन पीआरचे भरलेले फॉर्म शेजारी उघडे ठेवूनच हा भरा.

पैसे देऊन कोणाकडून करून घेणार असाल तर तो माणूस कॅनडातला वकील किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा लायसन्सवाला आहे का ते त्यांच्या साइटवर नाव टाकून बघा. पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार मुख्यतः त्यांनाच, आणि क्युबेकच्या नोटरींना. जो म्हणतो "माझं नाव कुठे टाकू नका" तो का म्हणतो ते तुम्हीच ओळखा. खोटं त्याने लिहिलं तरी सही तुमची असते.

फी भरली की बायोमेट्रिकचं पत्र येतं, ३० दिवसांत बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. व्हीएफएसचं सेंटर मुंबईत आहे, पुण्यात आहे, अपॉइंटमेंट ऑनलाइन. ती मिळायला गर्दीच्या दिवसांत वेळ लागतो म्हणून पत्र आलं की त्याच दिवशी बुक करा. व्हीएफएसवाले फक्त ठसे घेतात आणि पासपोर्ट नेतात-आणतात, निर्णयाशी त्यांचा संबंध शून्य, त्यामुळे तिथल्या काउंटरवरच्या मुलाला "होईल ना हो?" विचारून काही होत नाही. व्हिजिटरसाठी दिलेले ठसे १० वर्षं चालतात. पीआरच्या फाईलीत वेगळं बायोमेट्रिकचं पत्र आलं तर मात्र "दिलेत की मागे" म्हणून बसू नका, त्या पत्रात सांगितलंय तसं करा.

तिकीट व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नका.

निकाल

झालं तर पासपोर्ट जमा करायचं पत्र येतं, व्हीएफएसला द्यायचा, स्टिकर लागून परत येतो. पूर्वी सर्रास पासपोर्टच्या मुदतीपर्यंत, १० वर्षांपर्यंतचा मल्टिपल एंट्री मिळायचा, नोव्हेंबर २०२४ पासून ते गृहीत धरता येत नाही, ऑफिसर ठरवतो. सिंगल एंट्री मिळाला तर मध्ये भारतात जायचा बेत आखताना ते लक्षात ठेवा.

नाही झालं तर पत्रात छापील वाक्यं असतात, मुदतीनंतर तुम्ही परत जाल याची खात्री नाही, कौटुंबिक संबंध, येण्याचा हेतू वगैरे. त्यावरून काही कळत नाही. खरं कारण ऑफिसरच्या नोंदीत असतं. जुलै २०२५ च्या शेवटापासून काही प्रकारच्या नकारांसोबत या नोंदी आपोआप यायला लागल्यात, व्हिजिटर त्यात आहे, पण सगळ्याच अर्जांना त्या जोडलेल्या नसतात. नसतील तर माहिती अधिकारासारखा अर्ज करून जीसीएमएस नोट्स, म्हणजे त्यांच्या सिस्टीममधल्या याच नोंदी, मागवा, कॅनडातला नवरा बायकोची लेखी संमती घेऊन ५ डॉलरमध्ये मागवू शकतो.

नोट्स वाचा, मग परत टाका. परत टाकायला कुठली मुदत नाही, पण तीच फाईल तशीच दुसऱ्या दिवशी परत टाकणं म्हणजे १०० डॉलर फेकणं. नोंदीत लिहिलं असेल की भारतात बांधून ठेवणारं काही दिसत नाही, तर त्याला उत्तर देणारं काहीतरी नवीन हवं. ऑफिसरने ड्युअल इंटेंटचा विचारच केला नाही, पीआरची फाईल आहे हेच नकाराचं कारण धरलं असं दिसत असेल, तर फेडरल कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायद्याला धरून होता का ते कोर्टाकडून तपासून घेणं, हा मार्ग आहे, बाहेरच्या देशात झालेल्या निर्णयाला ६० दिवसांची मुदत, आणि यासाठी वकील घ्याच. व्हिजिटर नाकारला म्हणून पीआर नाकारत नाहीत, त्या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे घरच्यांना समजावून सांगा नाहीतर इकडे सगळे देव पाण्यात ठेवून बसतात.

विमानतळावर

व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी, आत घ्यायचं की नाही ते सीबीएसएचा, म्हणजे कॅनडाच्या सीमा खात्याचा, ऑफिसर ठरवतो. हँडबॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नव्हे, एओआरची प्रिंट, इन्व्हिटेशन, नवऱ्याचा नंबर आणि पत्ता, परतीचं तिकीट, इन्शुरन्स ठेवा. विचारतील कशाला आलात, "नवऱ्याला भेटायला". पीआर टाकलंय का, "हो, फाईल चालू आहे". किती दिवस, जे अर्जात लिहिलंय ते. इंग्रजी अडखळत असेल तर घाबरायचं नाही, हळू बोला, दुभाषी मागता येतो. बॅगेत चार किलो गोडा मसाला, सगळी सर्टिफिकेट्स ओरिजिनल आणि थंडीचे सहा जाकीट बघून प्रश्न वाढतात, वाढले तरी उत्तर तेच, कारण खरं तेच आहे. मसाला मात्र कस्टम्सला जाहीर करा.

ऑफिसरने पासपोर्टवर तारीख लिहिली तर ती तुमची मुदत. नुसता शिक्का असेल किंवा किऑस्कवरून शिक्क्याशिवायच बाहेर आलात तर आल्या दिवसापासून ६ महिने. शिक्का नसेल तर बोर्डिंग पास जपून ठेवा, पुढे तारीख दाखवायला लागतो.

आल्यावर

इन्शुरन्स. कायद्याने साध्या व्हिजिटरला सक्ती नाही, म्हणून बरेच जण टाळतात, आणि ओंटारियोत व्हिजिटरला ओहिप, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, नाही. इमर्जन्सीत एक रात्र काढली तरी बिल हजारो डॉलर्सचं असतं. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर पॉलिसीतली बारीक अक्षरं आधी वाचा, बऱ्याच पॉलिसी बाळंतपण धरत नाहीत.

काम करता येत नाही, म्हणजे कॅनडातल्या कोणाचंही. पुण्यातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करत असेल तर ते व्हिजिटर म्हणून चालतं, कंपनीच्या एचआरला चालतं का ते वेगळं विचारा. ६ महिन्यांपर्यंतचा छोटा कोर्स परमिटशिवाय करता येतो. आणि ओपन वर्क परमिट, म्हणजे एकाच कंपनीला न बांधलेली कामाची परवानगी, हे २०२३ च्या त्याच घोषणेत आउटलँडवाल्यांनाही खुलं झालं: बायको कॅनडात वैध स्टेटसवर आहे, स्पॉन्सरच्याच पत्त्यावर राहते, पीआरच्या फाईलीची एओआर आलीये, तर अर्ज करता येतो, फी १५५ आणि १०० मिळून २५५ डॉलर. परमिट हातात येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही, ओळखीच्याच्या रेस्टॉरंटमध्ये "जरा मदत" सुद्धा नाही.

मुदत संपत आली आणि पीआर झालं नाही तर संपायच्या निदान ३० दिवस आधी ऑनलाइन मुदतवाढ मागा, व्हिजिटर रेकॉर्ड म्हणतात त्याला, १०० डॉलर. वेळेत मागितली असेल तर उत्तर येईपर्यंत तिथेच राहणं वैध असतं, पण मध्ये बाहेर गेलात तर तो फायदा जातो आणि व्हिसा चालू नसेल तर परत आत येता येत नाही.

शेवटचं, आल्या आठवड्यातच आयआरसीसीच्या वेबफॉर्मवरून पीआरच्या फाईल नंबरवर कळवा की अर्जदार आता कॅनडात आहे, हा पत्ता, हा फोन. मेडिकल बाकी असेल तर कॅनडातल्या आयआरसीसीच्या यादीतल्या डॉक्टरकडे करता येतं. भारताचं पोलीस क्लिअरन्स मात्र निघण्याआधी पासपोर्ट सेवा केंद्रातून काढूनच या, कॅनडातून काढायला फार खेटे पडतात. आणि हे कळवलेलं असलं की पीआर मंजूर झाल्यावर पासपोर्ट भारतात पाठवायची भानगड राहत नाही, ईमेलवर पोर्टलची लिंक येते, त्यात मी कॅनडात आहे असं कबूल करायचं, फोटो चढवायचा, आणि कन्फर्मेशन तिथेच डाऊनलोड होतं. ईमेल स्पॅममध्ये जातो कधीकधी, तिथेही बघत जा.